पहिल्यांदाच सायकॉलॉजिकल हॉरर गेम खेळताय? मग दार फोडायच्या आधी चिठ्ठी वाचा

माझा पहिला सायकॉलॉजिकल हॉरर गेम मी चाळीस मिनिटांत बंद केला होता. कुलूप लावलेल्या एका दारासमोर उभा होतो. मागच्या व्हरांड्यात कुणीतरी पाय ओढत फिरत होतं आणि मी जमतील ती सगळी बटणं दाबून दार उघडायला बघत होतो. अ‍ॅक्शन गेमची सवय, दुसरं काय! दाराचं उत्तर दोन खोल्या आधी सापडलेल्या चिठ्ठीत होतं. ती मी उचलली होती, पण न वाचताच खिशात टाकली होती.

तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो. या गेममध्ये बोटं चपळ नसली तरी चालतं, पण वाचायचा कंटाळा चालत नाही. साध्या हॉररमधलं संकट बाहेरून येतं. इथे ते बहुतेक वेळा आपण ज्याला चालवतोय त्या पात्राच्या मनातून आलेलं असतं. त्याचा अपराधीपणा, त्याचं दुःख, त्याने सोयीने विसरलेली एखादी गोष्ट. त्यामुळे खोली, चिठ्ठी, कोडं, राक्षस या सगळ्यांतून त्या एकाच माणसाची ओळख होत जाते. नमनाला घडाभर तेल पुरे, सुरुवात करू.

पहिली पायरी: गेम निवडा

स्वतःला एक प्रश्न विचारा. कुणी मागे लागलेलं असताना माझं डोकं चालतं का?

चालत नसेल तर 'सोमा' घ्या. फ्रिक्शनल गेम्स या स्वीडिश कंपनीने तो २०१५ मध्ये आणला. समुद्राच्या तळाशी एक संशोधन केंद्र आहे आणि माणूस म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न गेमभर पाठ सोडत नाही. २०१७ मध्ये त्यात 'सेफ मोड' आला. त्यात भयंकर प्राणी असतात, पण ते तुमचा जीव घेत नाहीत. नवशिक्यासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही. किंवा 'लेयर्स ऑफ फिअर' (२०१६) घ्या. एका चित्रकाराचं घर, लढाई अजिबात नाही आणि पाठ वळवली की मागची खोली बदललेली असते.

थोडी झटापट चालणार असेल तर थेट 'सायलेंट हिल २'. मूळ गेम २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. पोलंडच्या ब्लूबर टीमने नव्याने बनवलेली आवृत्ती २०२४ मध्ये आली. 'लेयर्स ऑफ फिअर'ही त्यांचाच. जेम्स नावाच्या माणसाला मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला धुक्याने भरलेल्या गावात जातो. एवढं कळलं की बस, आणखी काही न वाचता बसा.

'अम्नेशिया: द डार्क डिसेंट' (२०१०) मात्र पहिला नको, दुसरा किंवा तिसरा ठेवा. त्यात हातात शस्त्र म्हणून काही मिळतच नाही. फक्त पळायचं आणि लपायचं.

हे गेम प्रौढांसाठी असतात, आणि कारण फक्त रक्त हे नाही. 'सायलेंट हिल २' मध्ये आत्महत्या आणि लैंगिक अत्याचार हे विषय आहेत. 'हेलब्लेड: सेनुआज् सॅक्रिफाइस' (२०१७) मध्ये सायकोसिस आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेलं दिसणं, आणि तो गेम बनवताना मनोविकारतज्ज्ञांची, तसंच तो अनुभव घेतलेल्या लोकांचीही मदत घेतली होती. विकत घेण्याआधी वर्णनाखालच्या सूचना वाचून घ्या. तरीही अंदाज चुकला तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. आपल्याला हा प्रकार झेपतो का, हे कळायला दोन तास भरपूर झाले.

दुसरी पायरी: सेटिंग

सुरुवातीलाच गेम ब्राइटनेस लावायला सांगतो. एक चिन्ह जेमतेम दिसेल इतपत. भीती वाटते म्हणून बरेच जण ते खटकन वाढवतात. मग काळोख राखाडी, धुरकट होतो, भीती जाते आणि तिच्याबरोबर वाटही हरवते. कारण कुठे जायचं हे हे गेम बहुधा उजेडानेच सांगतात. व्हरांड्याच्या टोकाला एकच दिवा जळत असेल तर तो कुणीतरी विचार करून तिथे लावलेला असतो. सगळीकडे सारखाच उजेड केला तर तो दिवा दिसणार कसा? ब्राइटनेस सांगितलंय तसंच ठेवा आणि खोलीतला दिवा मालवा, म्हणजे पडद्यावर आपलंच तोंड दिसणार नाही.

हेडफोन लावाच. 'हेलब्लेड'मधले आवाज बायनॉरल पद्धतीने रेकॉर्ड केले आहेत, म्हणजे कुणी डाव्या कानामागे कुजबुजलं तर ते तिथेच ऐकू येतं. लढाईत शत्रू मागून आला की यातलेच आवाज सावध करतात. 'सायलेंट हिल'मध्ये राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो. टीव्हीच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं.

सबटायटल चालू ठेवा. पहिल्यांदा खेळताना डोकं गरगरत असेल तर चालताना कॅमेरा हलण्याचं सेटिंग आणि मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद करा, आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या भागाची रुंदी, वाढवता येत असेल तर थोडं वाढवा. मळमळायला लागलं तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका, उठा.

काठिण्यपातळी. काही गेममध्ये लढाई आणि कोडी यांची पातळी वेगवेगळी ठेवता येते, 'सायलेंट हिल २' त्यातलाच. लढाई सोपी आणि कोडी मध्यम ठेवा. कोडी अवघड करायचा मोह टाळा. 'सायलेंट हिल ३' (२००३) मध्ये कोडी सर्वांत अवघड पातळीवर ठेवली, तर पुस्तकांच्या दुकानातलं एक कोडं सोडवायला शेक्सपिअरची नाटकं माहीत असावी लागतात. मी हौसेने ती पातळी निवडली होती. हौस तिथेच फिटली.

तिसरी पायरी: पहिला तास नुसता बघण्यात घालवा

'अम्नेशिया' सुरू होतानाच निर्माते सांगतात की हा गेम जिंकण्यासाठी खेळू नका, त्या जगात शिरा. पहिल्या तासात हे शब्दशः पाळा. पुढे जायची घाई नको. कशाला हात लावता येतो आणि कशाला नाही, ते बघा. उचलायच्या वस्तू चमकतात का? मूळ 'सायलेंट हिल २' मध्ये त्या चमकत नाहीत, पण वस्तूजवळून जाताना जेम्सची मान तिकडे वळते. हे ज्याला कळलं नाही तो बंदुकीच्या गोळ्या आणि औषधं मागे टाकत जातो आणि गेमलाच शिव्या देतो.

सेव्ह कसं होतं ते शोधा. कुठे आपोआप होतं, कुठे ठरावीक जागी जाऊन करावं लागतं. जेम्सच्या गावात लाल चौकोनी कागद दिसला की ती सेव्हची जागा.

आणि एकदा मुद्दाम मरा. खरंच सांगतोय. सेव्ह करा, पहिला राक्षस दिसला की त्याच्यासमोर शांत उभे राहा आणि काय होतं ते बघा. मेल्यावर आपण किती मागे जातो, काय गमावतो, हे कळलं की निम्मी धास्ती तिथेच उतरते. उरते ती गोष्टीची भीती, आणि पैसे मोजले होते ते तिच्यासाठीच.

चौथी पायरी: कागदाची वही

मोबाइलवर फोटो काढले तरी चालतं, पण वही बरी. माझ्या वहीत समोरासमोरची दोन पानं असतात. डावीकडे बंद दारं आणि पेट्या: कुठे आहेत आणि त्यांना काय लागतं. उजवीकडे पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी: आकडे, नावं, तारखा, चित्रं. नमुन्यादाखल अशी नोंद: 'दुसरा मजला, टोकाची खोली. तिजोरी. चार आकडे. वर घड्याळ, बंद, सव्वातीन.' घड्याळाचा संबंध असेल किंवा नसेल. पण पंचेचाळीस मिनिटांनी कुठल्या तरी डायरीत 'सव्वातीन वाजता ती गेली' असं वाचाल, तेव्हा हात आपोआप मागच्या पानाकडे जाईल.

नकाशा मिळत असेल तर खोलीत शिरताच तो आधी शोधा. 'सायलेंट हिल'मध्ये पात्र स्वतःच नकाशावर बंद दारांच्या खुणा करत जातं, त्यामुळे कुठे जायचं राहिलंय ते एका नजरेत कळतं. नकाशा नसलेल्या गेममध्ये वहीतच वेडावाकडा काढा. प्रमाणात नसला तरी चालतो.

पाचवी पायरी: कोडी

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो.

किल्ली शोधत फिरण्याआधी कुलूप नीट पाहा. किती आकडे लागतात? अक्षरं आहेत की आकार? खाचा किती? २००१ च्या 'सायलेंट हिल २' मध्ये एका कपाटाला पाच खाचा आहेत आणि नाणी मिळतात फक्त तीन. नवा माणूस उरलेली दोन नाणी शोधत इमारत पालथी घालतो. ती नाहीतच. खाचा पाच आणि नाणी तीन, म्हणजे कुठली खाच रिकामी ठेवायची हाही उत्तराचाच भाग. सोबतची कविता तेच सांगते. कुलपाकडे आधी पाच मिनिटं दिली असती तर हेलपाटे वाचले असते.

दुसरा नियम समजायला १९९९ च्या पहिल्या 'सायलेंट हिल'मधला शाळेतला पियानो घेऊ. खोलीत एक कविता आहे आणि तिच्यात पक्षी आहेत, पांढरे आणि काळे. पियानो वाजवून पाहिला तर काही पट्ट्या वाजतच नाहीत. मला वाटलं माझा हेडफोन बिघडला, मी वायर हलवून पाहिली. मग कवितेचं शीर्षक परत वाचलं. ती आवाज नसलेल्या पक्ष्यांची कविता होती! म्हणजे वाजणाऱ्या पट्ट्या विसरायच्या आणि मुक्या पट्ट्या दाबायच्या. क्रम कवितेतच आहे, तो इथे फोडत नाही. लक्षात ठेवायचं ते असं की काही बिघडलेलं, तुटलेलं, उलटं लागलेलं दिसलं तर तो बहुधा इशारा असतो. आणि कोड्याशेजारच्या मजकुराचं शीर्षक कधीच वाया जात नाही.

सगळी कोडी कागदावरची नसतात. 'हेलब्लेड'मध्ये दारावर एक चिन्ह असतं आणि तेच चिन्ह आजूबाजूच्या जगात शोधायचं असतं. झाडाच्या फांद्या, तुटलेले खांब, सावल्या योग्य जागी उभं राहून पाहिल्या की जुळून चिन्ह तयार होतं. नायिका सेनुआच्या मनाला कुठेही अर्थ दिसतो, आणि कोडं आपल्यालाही तसंच बघायला लावतं. 'अम्नेशिया'त माउस ओढून दार प्रत्यक्ष उघडावं लागतं, खोके उचलून रचावे लागतात. पाणी साचलेल्या तळघरात एक प्राणी आहे. तो दिसत नाही, फक्त पाण्यात उठणारे शिंतोडे दिसतात. तिथे खोक्यांवरून उड्या मारत जाणं हेच कोडं, आणि तिथे सापडणारे मांसाचे तुकडे दूर पाण्यात फेकले की तो तिकडे धावतो.

इन्व्हेंटरीतली, म्हणजे उचलून जवळ ठेवलेल्या वस्तूंतली, प्रत्येक वस्तू फिरवून पाहा. मागे काहीतरी कोरलेलं असतं, तळाशी आकडा असतो. जोडता येण्यासारखं वाटलं तर जोडून पाहा.

अडलात तर? माझा क्रम असा. आधी नकाशा: कुठल्या खोलीत गेलोच नाही? मग इन्व्हेंटरी: कुठली वस्तू अजून वापरलीच नाही? मग वही: कुठला आकडा अजून उपयोगी पडला नाही? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाआधीच काहीतरी सापडतं. वीस मिनिटं होऊन गेली तर गेम बंद करा. झोपून उठल्यावर जे कोडं दोन मिनिटांत सुटतं, त्याच्याशी रात्री दोन तास झटण्यात काही हशील नाही.

तरीही नाही सुटलं तर वॉकथ्रू, म्हणजे कुणीतरी पायरीपायरीने दिलेली उत्तरं, बघा, त्यात लाज कसली? फक्त लिखित मजकूर शोधा, व्हिडिओ नको. व्हिडिओत उत्तराच्या पुढच्या मिनिटात काय घडतं तेही दिसतं, आणि खाली सुचवलेल्या व्हिडिओंच्या नावांतच शेवट फुटलेला असतो. मजकुरातही तेवढीच ओळ वाचा आणि परत या.

सहावी पायरी: कुणी मागे लागलं तर

पळा. हातात बंदूक असली तरी पळा. या गेममध्ये प्रत्येकाला मारायचं नसतंच. गोळ्या मोजक्या असतात आणि मोकळ्या रस्त्यावरचे बरेचसे राक्षस बगल देऊन टाळता येतात. अरुंद व्हरांड्यात, जिथून पुन्हा पुन्हा जायचंय तिथे मारणं परवडतं. एक औषध आणि थोड्या गोळ्या कायम हातच्या राखून ठेवा.

इन्व्हेंटरी लहान असेल तर जागा सोडून फिरा. 'सिग्नॅलिस' (२०२२) मध्ये एका वेळी सहाच वस्तू नेता येतात. सहाही जागा भरून निघालात की महत्त्वाची किल्ली समोर असून उचलता येत नाही आणि मग त्याच राक्षसांमधून परत मागे. हे मी तीनदा केलंय.

'अम्नेशिया'त पेच आणखी वेगळा आहे. अंधारात राहिलं की पात्राचं मनःस्वास्थ्य ढासळतं, उजेडात राहिलं की राक्षसाला दिसतं. त्याच्याकडे टक लावून पाहिलं तरी मन ढासळतं. म्हणून लपल्यावर भिंतीकडे तोंड करा आणि कानाने माग ठेवा. कोडं सुटलं की मन थोडं सावरतं, म्हणजे डोकं चालवणं हे तिथे औषधच आहे.

सातवी पायरी: स्वतःला सांभाळा

तास-दीड तासावर थांबा. सेव्ह करून, शांत जागी. ऐन पाठलागात बंद केलं तर दुसऱ्या दिवशी परत बसायला जीव धजावत नाही. फार भीती वाटली तर आवाज निम्मा करा, कारण भीतीचा मोठा वाटा कानातून येतो. सोबत कुणाला बसवलं तर उत्तम. एकाने चालवायचं, दुसऱ्याने वही धरायची. कोडी दोघांत भराभर सुटतात, आणि किंचाळायलाही सोबत होते.

गेम तुम्हालाही फसवू शकतो, हे मनात असू द्या. 'इटर्नल डार्कनेस' (२००२, गेमक्यूब) मध्ये पात्राचं मन ढासळलं की पडद्यावर आवाज आपोआप कमी होताना दिसतो, किंवा तुमचे सगळे सेव्ह पुसले जात असल्याचा संदेश येतो. सगळं खोटं. वायर उपटू नका.

मात्र गोष्ट आपल्याच एखाद्या ताज्या जखमेवर बोट ठेवत असेल, तर बाजूला ठेवा. महिन्यांनी परत घ्या, किंवा घेऊच नका.

आठवी पायरी: गोष्ट ऐका, पण निकाल देऊ नका

पात्र सांगतं ते सगळं खरं मानू नका. त्याच्या बोलण्यात आणि खोलीत दिसणाऱ्या वस्तूंत तफावत दिसली की ती वहीत उतरवा. पण सुतावरून स्वर्गही गाठू नका. पहिल्या दोन तासांत शेवट ओळखल्याची खात्री झालेले बहुतेक जण चुकतात, आणि मग गेमभर स्वतःचाच अंदाज सिद्ध करत बसतात.

शेवट अनेक असतील तर पहिल्या खेपेला चांगला शेवट मिळवण्याच्या मागे लागू नका. 'सायलेंट हिल २' तुम्हाला काय हवंय ते विचारत नाही, तुम्ही कसे वागता ते बघतो. जखमी अवस्थेत औषध न घेता फिरत राहिलात का, सोबतच्या बाईची किती काळजी घेतलीत, खिशातल्या कुठल्या वस्तू पुन्हा पुन्हा काढून पाहिल्यात. शेवट त्यावर ठरतो. यादी पाहून तसं वागलात तर गेम तुमच्याबद्दल काय म्हणाला असता ते कळणारच नाही.

गेम संपला की आठवडाभर थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, निदान पहिला अर्धा तास तरी. 'सायलेंट हिल २' ची सुरुवात जेम्स आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतोय इथून होते. पहिल्या वेळी ते नुसतं दृश्य वाटतं, दुसऱ्या वेळी त्याचे हात कसे फिरतात, नजर कुठे थांबते, तेही दिसायला लागतं. आणि मूळ गेम असेल तर बायकोचं ते पत्र इन्व्हेंटरीत असतं. मी पहिल्या खेपेला ते एकदाच उघडलं होतं. तुम्ही अधूनमधून उघडून बघत जा.